सिकलसेलचा ‘जीन स्विच’: खटका, रेग्युलेटर की कापलेली वायर?

प्रश्न, थोडक्यात: माझा भाचा 14 वर्षांचा आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेल हा रक्ताचा आजार, आई-वडील दोघांकडून जनुक आलेला. दुखणं उठलं की भरती करावं लागतं, वर्षातून चार-पाच वेळा. पेपरात वाचलं की जनुकाचा स्विच बंद करून सिकलसेल बरा करतात. आमच्या बाबांना पेसमेकर आहे. तपासणीच्या वेळी डॉक्टर त्यावर चुंबक ठेवतात, मशीन वेगळं चालतं, चुंबक काढलं की पूर्ववत. जीनचा स्विच असाच असतो का? काही बिघडलं तर परत फिरवता येतो का? भाऊजी 4 एकर विकायचं म्हणताहेत.

उत्तर:

ताई, शेवटच्या वाक्याचं आधी सांगतो. भाऊजींना म्हणावं, जमिनीचा सौदा आज थांबवा. का, ते पुढे येईलच.

तुमचा प्रश्न मला ओपीडीत बरेच जण विचारतात आणि तिथे मी उत्तर उरकतो, कारण बाहेर साठ जण बसलेले असतात. इथे उरकत नाही. मी रक्ताच्या आजारांचा डॉक्टर, बावीस वर्षं झाली, त्यातली बरीचशी विदर्भात गेली. एवढ्या काळात ‘स्विच’ हा शब्द पेपरवाल्यांनी, कंपन्यांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही इतका सैल करून टाकला आहे की भिंतीवरचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर, फ्यूज आणि कापलेली वायर, सगळ्यांना एकच नाव पडलं आहे. तुमच्या घरात मात्र एक खराखुरा स्विच आहे, बाबांच्या छातीत. तिथूनच सुरुवात करू.

ते चुंबक तुम्ही पाहिलंच आहे. मेदूवड्यासारखं गोल, मधे भोक. पुष्कळांना, कधीकधी नवख्या डॉक्टरांनाही, वाटतं की चुंबक ठेवलं की पेसमेकर बंद पडतो. खरं तर उलट आहे. पेसमेकर एरवी कान लावून बसलेला असतो. हृदयाने स्वतःहून ठोका दिला तर हा गप्प, नाही दिला तर हा देतो. चुंबक ठेवलं की त्याचे कान बंद होतात आणि तो कुणाचंही न ऐकता ठरलेल्या गतीने ठोके देत राहतो, कंपनीप्रमाणे मिनिटाला 85, 90 किंवा 100. बॅटरी उतरली असेल तर ही गती कमी भरते, म्हणून डॉक्टरांना मिनिटभरात बॅटरीचा अंदाज येतो. जुन्या यंत्रांत यासाठी काचेच्या बारीक नळीत धातूच्या दोन पात्या असायच्या. चुंबक जवळ आलं की त्या एकमेकींना चिकटायच्या, दूर गेलं की सुटायच्या. आता पात्यांच्या जागी चुंबक ओळखणारी चिप आली, काम तेच राहिलं.

ही सोय अशीच का ठेवली, ते ऑपरेशन थिएटरमध्ये कळतं. रक्त थांबवायला विजेची सुरी वापरतात. तिच्या खरखरीला पेसमेकर हृदयाचे ठोके समजला तर तो गप्प बसेल, आणि ज्याचं हृदय पूर्णपणे पेसमेकरवर अवलंबून आहे त्याला ते परवडणार नाही. म्हणून भूलतज्ज्ञ गरज पडली तर चुंबक ठेवतात. गंमत अशी की हेच चुंबक आयसीडीवर, म्हणजे झटका देऊन हृदयाची लय ताळ्यावर आणणाऱ्या यंत्रावर ठेवलं तर सहसा झटके थांबतात, ठोके देणं मात्र चालू राहतं. चुंबक एकच, पण पलीकडच्या यंत्राने त्याचा अर्थ वेगळा लावलेला. दोन्हीकडे बनवणाऱ्याने एक गोष्ट आधी ठरवली आहे: गोंधळ उडालाच तर यंत्राने कुठल्या बाजूला पडायचं.

आणखी एक. शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर 1958 साली स्वीडनमध्ये आर्ने लार्सन यांना बसवला आणि तो काही तासांतच बंद पडला. तरी लार्सन 2001 पर्यंत जगले, आयुष्यात त्यांना 26 पेसमेकर लागले. म्हणजे यंत्र बिघडलं तर काढून दुसरं बसवता येत होतं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरा स्विच तुमच्या भाच्याच्या हातात येण्याची शक्यता आहे, म्हणून तोही सांगतो. सिकलसेलच्या तीव्र दुखण्यात मोठ्या रुग्णालयांत मॉर्फिनचा पंप लावतात आणि त्याचं बटण रुग्णाच्या हातात देतात. दुखलं की दाबायचं. एकदा दाबलं की ठरावीक थोडा डोस जातो, मग काही मिनिटं, समजा सात-आठ, पंप कुलूपबंद. तेवढ्या वेळात शंभरदा दाबलं तरी काही जात नाही. लोकांना वाटतं सगळी सुरक्षा त्या कुलपात आहे. मलाही शिकत असताना तसंच वाटायचं. एका रात्री सोळा वर्षांच्या एका मुलाला पंप लावला, बटण कसं दाबायचं ते त्याला समजावलं आणि दुसऱ्या वॉर्डात गेलो. पहाटे सिस्टरचा फोन. मुलगा हाकेला ओ देत नव्हता, श्वास मिनिटाला आठ. उलट काम करणारं औषध दिलं, दोन मिनिटांत शुद्धीवर आला, निभावलं. आई कोपऱ्यात रडत होती. तो झोपेत कण्हायचा तेव्हा ती त्याच्या मुठीतलं बटण हळूच काढून दाबायची. कुलूप उघडायची वाट बघून, दर वेळी. पंपाने काहीच चूक केली नव्हती. चूक माझी होती. बटण कुणी दाबायचं ते मी सांगितलं, कुणी दाबायचं नाही ते आईला सांगितलं नाही. त्या पंपाची खरी सुरक्षा कुलपात नसते, झोपेत असते. औषध जास्त झालं की रुग्णाला गुंगी येते, गुंगी आली की बटण दाबणं थांबतं, आणि औषध आपोआप थांबतं. आईच्या बोटाने ते वर्तुळ तोडलं.

तेव्हापासून कुणी ‘स्विच’ म्हणालं की मी दोन गोष्टी विचारतो: बोट कुणाचं, आणि कुणीच हात लावला नाही तर तो कुठल्या बाजूला पडून राहतो.

आता पेशीकडे. पेशीतला पहिला नीट उलगडलेला स्विच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधला. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी तो 1961 मध्ये मांडला आणि 1965 मध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू असतो. समोर दुधातली साखर नसेल तर ती पचवायची प्रथिनं तो उगाच बनवत बसत नाही. त्याच्या डीएनएवर एक पहारेकरी प्रथिन ठाण मांडून बसतं आणि जनुक वाचणाऱ्या यंत्रणेची वाट अडवतं. साखर आली की तिचंच एक रूप त्या पहारेकऱ्याला चिकटतं, त्याचा आकार बदलतो, पकड सुटते आणि वाट मोकळी होते. इथे बोट कुणाचंच नाही. साखर हेच बोट.

पण भिंतीवरच्या बटणाशी त्याचं साम्य इथेच संपतं. तो ‘बंद’ असतानाही थोडा गळतो, आणि ती गळती लागतेच. साखर आत आणणारं प्रथिनही त्याच कुलपामागे आहे. नळ अगदी कोरडा बंद असता तर साखर आत आलीच नसती आणि कुलूप कधी उघडलंच नसतं. दुसरं असं, की साखरेसारखं एखादं रसायन मध्यम प्रमाणात दिलं तर प्रत्येक जिवाणू निम्मा चालू होत नाही. काही पूर्ण चालू होतात, काही पूर्ण बंद राहतात, आणि परीक्षानळीतली सरासरी तेवढी निम्मी दिसते. हे 1957 मध्येच प्रयोगात दिसलं होतं. भाच्याच्या रिपोर्टाशी याचा थेट संबंध आहे, त्यावर येतोच.

माणसाने स्वतः जुळवलेला असा खटका 2000 साली बॉस्टन विद्यापीठातल्या गार्डनर, कँटर आणि कॉलिन्स यांनी करून दाखवला. दोन जनुकं, प्रत्येक दुसऱ्याची मान दाबणारं. एक वर असेल तर दुसरं खाली, आणि तसंच टिकून राहतं. एका बाजूला ढकलायला रसायन, दुसऱ्या बाजूला उष्णता. ढकलणं थांबवलं तरी खटका पडला तिथेच. जुन्या काळ्या बेकलाइटच्या बटणात स्प्रिंग असायची ना, अर्ध्यात धरलं तरी टक् करून कुठल्यातरी एका बाजूला जायचं? तसंच. फक्त हे जिवाणूत. माणसाच्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांतल्या रक्त बनवणाऱ्या गाभ्यात, असला खटका बसवून, वाटेल तेव्हा फिरवून, सिकलसेल बरा केल्याचं उदाहरण नाही. पेपरात जो ‘स्विच’ आला तो हा नव्हे.

तो आहे आपल्या सगळ्यांच्या रक्तातला. आईच्या पोटात असताना बाळाच्या लाल पेशींत वेगळं हिमोग्लोबिन असतं, एचबी-एफ म्हणतात त्याला. जन्माच्या वेळी साठ ते ऐंशी टक्के तेच असतं. मग काही महिन्यांत एचबी-एफमधली गॅमा साखळी बनवणारी जनुकं मागे पडतात आणि त्यांच्याच शेजारचं, अकराव्या गुणसूत्रावरचं बीटा जनुक पुढे येतं. सिकलसेलची चूक या बीटा जनुकात आहे. म्हणून एसएस बाळ जन्मतः ठणठणीत असतं आणि साधारण सहाव्या महिन्यानंतर एक दिवस आई हातापायाची सुजलेली बोटं घेऊन दवाखान्यात येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी 1948 मध्ये हे बरोबर हेरलं होतं: नवजात बाळाला त्रास होत नाही, कारण त्याच्यात अजून आईच्या पोटातलं हिमोग्लोबिन आहे. पुढे असे लोकही सापडले की ज्यांच्यात ही बदली पूर्ण होतच नाही, मोठेपणीही एचबी-एफ भरपूर राहतं, आणि सिकलचं जनुक असूनही त्यांना फारसा त्रास होत नाही. म्हणजे उपाय निसर्गाने करून ठेवलेला होता. बटण तेवढं सापडत नव्हतं.

ते सापडलं 2007-08 च्या सुमारास. हजारो लोकांचे डीएनए तपासताना दुसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीसीएल11ए’ जनुकाशी एचबी-एफचा संबंध दिसला, आणि विजय शंकरन व स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने 2008 मध्ये दाखवलं की हे जनुक दाबलं की एचबी-एफ वर येतं. थोडक्यात, बीसीएल11ए म्हणजे एचबी-एफचं बटण खाली पाडणारा हात. त्यामुळे एक पेपर ‘स्विच बंद केला’ लिहितो आणि दुसरा ‘स्विच चालू केला’ लिहितो, आणि दोघंही बरोबर असतात. बंद करणाऱ्याला बंद केलं की मागचं चालू होतं.

उपचारांकडे वळण्याआधी एक गोष्ट जी कुणी समजावून सांगत नाही, आणि माझ्या मते भाच्यासाठी सगळ्यात कामाची आहे. सिकलसेलमध्ये सगळ्यात खरा खटका जनुकात नाही, लाल पेशीच्या आतल्या दाटीत आहे. सिकलचं हिमोग्लोबिन प्राणवायू सोडतं तेव्हा त्याचे कण एकमेकांना चिकटून दोऱ्या बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. पण हे लगेच होत नाही. आधी काही क्षण काहीच घडत नाही, मग एकदम सगळं घट्ट होतं. त्या थांबलेल्या क्षणांत पेशी केशवाहिनीतून निसटून मोठ्या नळीत पोचली तर वाचली. हा वेळ किती मिळेल ते हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर ठरतं, आणि साधंसुधं नाही, दाटपणाच्या जवळजवळ तिसाव्या घाताने. हिशेब करून पाहा: दाटपणा फक्त 5 टक्क्यांनी वाढला तरी हाताशी असलेला वेळ चौथ्या हिश्शावर येतो. भाचा मे महिन्यात दुपारी क्रिकेट खेळून, पाणी न पिता, रात्री कण्हायला लागतो तेव्हा झालेलं हेच असतं. घाम गेला, पेशी सुकली, दाटपणा दोन-चार टक्के वाढला आणि खटका पडला. इथे बोट भाच्याचंच, आणि हातात पाण्याची बाटली. शाळेत लघवीला सारखं जाऊ देत नाहीत म्हणून ही मुलं पाणी पीत नाहीत, हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता थेट मुख्याध्यापकांच्या नावाने चिठ्ठीच लिहून देतो.

एचबी-एफ नेमकं हेच काम आतून करतं. त्याचे कण त्या दोऱ्यांत सामील होत नाहीत, मधे येऊन दाटी विरळ करतात आणि वेळ वाढवतात. म्हणूनच ते सगळ्या पेशींत हवं. इथे तो जिवाणूंचा प्रयोग आठवा. एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, तिच्या रिपोर्टात एचबी-एफ 20 टक्के लिहिलेलं असतं, ती सरासरी असते. ते वीस टक्के सगळ्या पेशींत सारखं पसरलं असेल तर मूल बहुधा बरं राहतं. निम्म्या पेशींत चाळीस आणि निम्म्यांत शून्य असेल तर त्या शून्यवाल्या पेशी आपलं काम करतातच. भारतातल्या सिकलसेलच्या रुग्णांत एचबी-एफ मुळातच आफ्रिकी वंशाच्या बहुतेक रुग्णांपेक्षा जास्त असतं. म्हणून आपल्याकडचा आजार सौम्य, असं पुस्तकांत लिहून ठेवलं होतं. विदर्भातल्या वॉर्डात उभं राहून ते वाक्य वाचताना मला नेहमी हसू आलं आहे, आणि ते काही आनंदाचं नव्हे.

आता औषध. तुमच्या पूर्ण प्रश्नात हायड्रॉक्सियुरियाचं नाव नाही. वर्षाला चार-पाच भरत्या होणाऱ्या 14 वर्षांच्या एसएस मुलाला ते चालू नसेल तर का नाही, हा माझा पहिला प्रश्न. आणि चालू असेल तर खरंच चालू आहे का, हा दुसरा. या कॅप्सूलने एचबी-एफ वाढतं. 1995 च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांची दुखणी जवळजवळ निम्म्यावर आली. नागपुरातल्या मुलांवरचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या दर किलोमागे रोज फक्त 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी, ठरावीक डोसनेही दुखणी चांगलीच कमी झाली. हा स्विच नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे. फिरवाल तेवढं फिरतं, आणि सोडलं की हळूहळू मागे येतं. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात, आणि नेमका त्याच काळात लोक ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. किंवा फरक पडतो आणि ‘आता बरा आहे’ म्हणून सोडतात. मी घरच्यांशी वाद घालत नाही, सीबीसीतला, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीतला, एमसीव्हीचा आकडा पाहतो; तो लाल पेशीचा सरासरी आकार सांगतो. ही कॅप्सूल नियमित घेतली की लाल पेशी आकाराने मोठ्या होतात आणि आकडा वर सरकतो. (शरीरात लोह कमी असेल तर हा अंदाज चुकू शकतो, तेही पाहावं लागतं.) आई सांगते रोज देते, एमसीव्ही सांगतो दिवाळीपासून बंद आहे. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात, म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागतं. तपासणीचा त्रास आहे, पण बिघडलं तर डॉक्टर थांबवतात आणि शरीर पूर्ववत होतं. रेग्युलेटरचा हाच फायदा.

पेपरातल्या उपचाराचं नाव कॅसजेव्ही. ब्रिटनने त्याला नोव्हेंबर 2023 मध्ये मान्यता दिली, अमेरिकेने डिसेंबरमध्ये, 12 वर्षं आणि त्यावरच्या रुग्णांसाठी. रुग्णाच्या स्वतःच्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी रक्तातून काढतात, प्रयोगशाळेत क्रिस्पर नावाच्या, डीएनए कापणाऱ्या कात्रीने बीसीएल11ए जनुकातल्या एका नेमक्या जागी काप देतात आणि त्या पेशी परत सोडतात. पूर्ण जनुक तोडत नाहीत, आणि याचं कारण मला फार आवडतं. बीसीएल11ए मेंदूच्या घडणीत लागतं, रोगप्रतिकारक पेशींतही लागतं. ज्यांच्यात जन्मतः त्याची एक प्रत बाद असते अशा मुलांची बौद्धिक वाढ खुंटते, आणि त्यांचं एचबी-एफ मात्र वाढलेलं असतं. म्हणून काप जनुकाला न देता त्याच्या आतल्या अशा एका तुकड्याला देतात, जो फक्त लाल पेशी बनवणाऱ्या वंशात त्याचा आवाज मोठा करतो. घरचा मेन स्विच न पाडता स्वयंपाकघराकडे जाणारी एकच वायर तोडण्यासारखं.

आणि तोडण्यासारखंच. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ही वायर परत जोडता येत नाही. एकदा पेशी मज्जेत रुजल्या की बाहेर चुंबक नाही, बटण नाही, बंद करायचं औषध नाही. बाबांचा पेसमेकर बदलता येतो, हे नाही. कुणाचंच बोट नसलेला आणि कायमचा एका बाजूला पडलेला असा हा ‘स्विच’ आहे. तो योग्य बाजूला पडतो हे निकालांतून दिसतं: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, पाहिलेल्या 31 रुग्णांपैकी 29 जणांना सलग निदान 12 महिने एकही तीव्र दुखणं आलं नाही. फार मोठी गोष्ट आहे ही, मी ती कमी लेखत नाही. पण त्या पेशींना जागा करून देण्यासाठी आधी जुनी मज्जा बुसल्फान नावाच्या कडक औषधाने मोकळी करावी लागते. त्यात कित्येक आठवडे रुग्णालयात काढावे लागतात, तोंड सोलवटतं, संसर्गाची भीती असते, आणि पुढे मूल न होण्याची शक्यता बरीच. चौदा वर्षांच्या मुलाशी हे बोलायला लागतं, त्याच्यासमोर, त्याला समजेल असं. बहुतेक घरांत ते बोलणं मुलाला बाहेर पाठवून होतं.

मग परत फिरवता येणारे, निदान गरज पडली तर थांबवता येणारे स्विच जनुकशास्त्रात नाहीतच का? आहेत, पण दुसरीकडे. उंदरांत डॉक्सिसायक्लिन देऊन एखादं जनुक चालू-बंद करण्याची पद्धत 1990 च्या दशकापासून प्रयोगशाळांत सर्रास चालते. माणसात मात्र त्यातलं परकं प्रथिन आपली प्रतिकारशक्ती ओळखून मारण्याची धास्ती असते. माणसात उत्तम चाललेला एक प्रकार म्हणजे पेशीच्या आत्मघाताचं कळसूत्र. टी-पेशींत, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींत, ‘कॅस्पेज 9’ या मारेकरी प्रथिनाचं असं रूप घालतात की ते एकटं असताना निपचित पडून राहतं. ठरावीक औषधाचा रेणू आला की तो दोन-दोन प्रथिनांना जोडतो, ती जागी होतात आणि पेशी मरते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मज्जारोपणानंतर दात्याच्या पेशी रुग्णाच्याच शरीरावर उलटल्या, अशा चार रुग्णांना औषधाचा एक डोस दिला. अर्ध्या तासात त्या पेशींपैकी 90 टक्क्यांहून जास्त नाहीशा झाल्या आणि त्रास ओसरला. लक्ष द्या, नव्वदहून जास्त, शंभर नव्हे. पेशीतला स्विच असाच. इथे बोट डॉक्टरचं आहे, पण हा परत फिरणारा स्विच नाही, फ्यूज आहे. उडाला की त्या पेशी गेल्या.

असला फ्यूज कॅन्सरवरच्या कार-टी पेशींना, म्हणजे कॅन्सर ओळखून मारायला जनुक बदललेल्या टी-पेशींना हवा, कारण त्या शरीरात वाढतात, चवताळतात आणि ताप, रक्तदाब, श्वास सगळं बिघडवू शकतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या ‘नेक्सकार19’ या कार-टी उपचाराला आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. अशा उपचारांत रोजच्या व्यवहारात लगाम बाहेरूनच घालतात: प्रतिकारशक्तीचा भडका शमवणारी टोसिलिझुमॅब आणि स्टिरॉइड ही औषधं. सिकलसेलच्या मूळ पेशींत हा फ्यूज घालून काय साधणार? उडवला तर मज्जाच जाईल.

आता जमीन. कॅसजेव्हीची अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे 18 कोटींच्या वर. 4 एकरांत त्याची तोंडओळखही होत नाही, आणि ते इथे बाजारात नाही. जो कुणी तुम्हाला काही लाखांत ‘जीन स्विच’ किंवा ‘स्टेम सेलची सुई’ देऊ करेल तो दुसरंच काही विकतो आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी संस्थेने विकसित केलेली ‘बिरसा 101’ ही सिकलसेलवरची देशी क्रिस्पर उपचारपद्धती सरकारने जाहीर केली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे गेलं. त्यावर लक्ष ठेवा, मीही ठेवून आहे. पण जाहीर होणं आणि वॉर्डातल्या खाटेपर्यंत पोचणं यांत चाचण्यांचा लांब रस्ता असतो. चाचणीत सहभागी रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेत नसतात. कुणी मागितले तर तिथून उठून या.

त्याऐवजी एक गोष्ट लवकर करा. भाच्याला सख्खी भावंडं आहेत का, ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर त्यांची एचएलए तपासणी, म्हणजे मज्जा जुळते का ते पाहणारी तपासणी, करून घ्या. प्रत्येक सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. भावंड एएस, म्हणजे वाहक असलं तरी देऊ शकतं, हे पुष्कळांना ठाऊक नसतं आणि तेवढ्यावरून घरचे विषय सोडून देतात. जुळणाऱ्या भावंडाच्या मज्जारोपणाची हजार रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद 2017 मध्ये आली: पाच वर्षांनी सुमारे 93 टक्के जिवंत, आणि वय जितकं लहान तितका निकाल चांगला. तीही कापलेली वायरच आहे, कडक औषधं आणि वंध्यत्वाची भीती तिथेही आहे. पण तिचा खर्च लाखांत मोजतात, ती आपल्या देशात होते, आणि तिच्यामागे कित्येक वर्षांचा अनुभव आहे. जमिनीचा विचार करायचाच तर तो इथे, जुळणी निघाल्यावर, योजनांतून आणि ट्रस्टकडून किती मिळतं ते पाहून.

दवाखान्यात येताना जुना एचपीएलसीचा कागद आणा, गेल्या वर्षभराचे सगळे सीबीसी आणा, आणि किती वेळा भरती झाली ते तारखांसह एका वहीत लिहून आणा. कॅप्सूलची रिकामी पाकिटं असतील तर तीही. भाच्याला सोबत आणा आणि बोलताना बाहेर पाठवू नका.

आणि बाबांना सांगा, मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवू नका, पेसमेकर डावीकडे असेल तर. काही नव्या फोनच्या पाठीत गोल चुंबक असतं. 2021 मध्ये असा एक फोन आयसीडीवर धरून पाहिला तेव्हा यंत्राने तो डॉक्टरांचं चुंबक समजून झटके देणं थांबवलं होतं. एक वीतभर अंतर पुरतं. उजवा खिसा चालेल.